आतला गंज

जहाजावर नवा कॅडेट येतो तेव्हा त्याच्या हातात आधी सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायचं यंत्र, पडत नाही, चिपिंगची हातोडी पडते. डोळ्यांना गॉगल, कानात बोळे, आणि सकाळपासून डेकवर ठाकठूक. जिथं रंग फुगलाय तिथं हातोडी मारायची. फुगवटा फुटला की आतून तपकिरी पापुद्रे सुटतात. ते खरवडून लखलखीत लोखंड लागेपर्यंत जायचं, मग रेड ऑक्साइडचा हात, मग रंग. माझ्या पहिल्या जहाजावरचा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, रत्नागिरीकडचा होता. तो म्हणायचा, "अरे, रंगाकडं काय बघतोस, आवाज ऐक." चांगला पत्रा खणखणतो. गंजलेला भद्द वाजतो, आणि वरचा रंग अनेकदा दोन्हीकडं सारखाच तुकतुकीत असतो.

या शिकवणीचा उपयोग मला पुढं जन्मभर जहाजांवर झाला, त्याचं नवल नाही. पण ती मला सगळ्यात जास्त आठवली ती एका रस्त्याच्या पुलापाशी. इटलीतल्या जिनोआ शहरातला, पोल्चेवेरा नदीवरचा पूल. जगाला तो 'मोरांदी पूल' म्हणून ठाऊक झाला, आणि तोही पडल्यावर.

मी तो पहिल्यांदा ओलांडला तेव्हा जहाजावर रुजू व्हायला निघालो होतो. जिनोआचा विमानतळ समुद्रात भराव घालून केलेला आहे. तिथून एजंटच्या गाडीनं महामार्गावर चढायचं, पूर्वेकडं थोडं जायचं आणि बंदराजवळ उतरायचं. त्या शहरात डोंगर थेट समुद्रात उतरतो, सपाट जागा म्हणून नाही. त्यामुळं महामार्ग एका बोगद्यातून बाहेर पडतो, दरी ओलांडतो आणि पुढच्या बोगद्यात शिरतो. गाडीत झोप अनावर झालेली. तेवढ्यात तिरक्या काँक्रीटच्या प्रचंड तुळया डोक्यावरून मागं जायला लागल्या. ड्रायव्हर अभिमानानं म्हणाला, "ब्रुकलिन!" गावातले लोक त्या पुलाला लाडानं हेच म्हणत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाशी त्याचं फारसं साम्य नव्हतं, पण लाडाला साम्य लागत नाही. खाली काय आहे, नदी की शहर, ते गाडीतून कळलं नाही. कठडा, पुढच्या ट्रकची पाटी आणि आकाश. पूल वापरणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच दिसतं.

पूल खालून पाहायचा योग बऱ्याच वर्षांनी आला. आमचं जहाज जिनोआच्याच सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून तळ दुरुस्त करायच्या जागी, लागलं होतं. रविवारी काम बंद. मी बंदरातून चालत साम्पिएरदारेना ही वस्ती ओलांडून दरीत शिरलो. पोल्चेवेरा म्हणजे वर्षाचे बरेच महिने रुंद गोट्यांचं पात्र आणि त्यात कुठंतरी एक पाण्याची धार. डोंगरात पाऊस झाला की मात्र तीच नदी अंगावर येते. नदीच्या एका काठाला कारखाने आणि गोदामं, दुसऱ्या काठाला रेल्वे. साधी एक जोडलाइन नव्हे. रूळ, साइडिंग, विजेच्या तारांचं जाळं. तुरीनहून जिनोआच्या बंदराला येणारा लोहमार्ग 1853 साली पुरा झाला तो याच दरीतून. रुळांना लागून पाच-सहा मजली इमारती, आणि त्या इमारतींच्या मधोमध, अगदी गच्चीला खेटून, पुलाचा एक मनोरा. घरं आधीची होती. पूल नंतर त्यांच्या डोक्यावरून गेला.

गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. एक आजोबा खिडकीत बसून रेडिओ ऐकत होते, आणि वर पंचेचाळीस मीटरवरून ट्रक गेला की दोन भागांच्या सांध्यावर 'धडाड-धड' असा आवाज व्हायचा. आजोबांनी एकदाही वर पाहिलं नाही. मी मात्र मान दुखेपर्यंत पाहत राहिलो. काँक्रीटवर पाण्याचे ओघळ, ओघळांच्या कडेला तांबूस रेषा. आणि एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. तीन मनोऱ्यांपैकी पूर्वेकडच्या मनोऱ्याच्या तणाव्यांवर, म्हणजे माथ्यापासून रस्त्याला तोलून धरणाऱ्या त्या तिरक्या तुळयांवर, बाहेरून पोलादी केबल बसवून, पट्ट्यांनी आवळून घेतल्या होत्या. बाकी दोन मनोऱ्यांच्या तणाव्यांवर अशा केबल नव्हत्या.

रोगी एकाच घरातला, वय एकच, आणि औषध एकालाच का?

याचं उत्तर समजायला पूल असा का बांधला ते आधी पाहावं लागतं. नुसती नदी असती तर अडचण नव्हती. नदीच्या कोरड्या पात्रात उन्हाळ्यात उतरता येतं, पाया खणता येतो. रेल्वेच्या यार्डात तसं चालत नाही. खांबाचा पाय कुठं पडावा हे रूळ ठरवतात. शिवाय बांधकाम चालू असताना खालून गाड्या जातच राहतात, त्यामुळं जमिनीपासून आधाराची पालख उभी करणंही दुरापास्त. म्हणजे मधले पाय कमी आणि गाळे, म्हणजे दोन पायांमधली अंतरं, मोठे. रिकार्दो मोरांदी या अभियंत्यानं ते गणित तीन मनोऱ्यांवर सोडवलं. पूल एकूण 1,182 मीटर लांब, मनोरे 90 मीटर उंच, सगळ्यात मोठा गाळा 210 मीटरचा. काम 1963 मध्ये सुरू झालं, आणि 4 सप्टेंबर 1967 ला राष्ट्राध्यक्ष ज्युसेप्पे सारागात यांच्या हस्ते उद्घाटन झालं.

प्रत्येक मनोरा खांद्यावर कावड घेतल्यासारखा. दोन्ही बाजूंना रस्त्याचा एकेक तुकडा पुढं काढलेला, आणि त्याची टोकं मनोऱ्याच्या माथ्यावरून खाली आलेल्या तणाव्यांनी तोलून धरलेली. दोन कावडींच्या मध्ये उरलेली फट छोट्या तुळया टेकवून भरून काढायची. एका मनोऱ्याला तणावे किती, तर चार. दोन इकडं, दोन तिकडं. आज असे तणाव्यांचे पूल बांधतात तेव्हा एका मनोऱ्याला डझनांनी केबल असतात. एक बदलायची तर बाकीच्या भार उचलतात. कावडीची एक दोरी तुटली तर दुसरी बाजू वाचवायला येत नाही. ती बाजूही जाते.

आणि हे चार तणावे पोलादी तारांचे असूनही तारांचे दिसत नव्हते. तारांचे जुडगे काँक्रीटच्या आवरणात बंद केलेले होते. मोरांदींचा विचार त्या काळाला धरून होता: उघड्या केबलला हवा-पाणी लागणार, गंज चढणार, सतत निगा आली. काँक्रीटमध्ये पोलाद सुखरूप. हे खोटं नाही. काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यात पुरलेल्या पोलादावर एक पातळ, चिवट थर तयार होतो. तो शाबूत आहे तोवर गंज चढत नाही. माराकायबोला, व्हेनेझुएलात, मोरांदींनी याच पद्धतीचा आणखी लांब पूल 1962 सालीच उभा करून दाखवला होता. साठच्या दशकात काँक्रीट म्हणजे निश्चिंती असा समज सगळ्यांचाच होता. खाऱ्या वाऱ्यात आयुष्य काढलेल्या माणसाला मात्र 'निगा लागणार नाही' हे शब्द ऐकले की पोटात गोळा येतो.

कारण मीठ वाट काढतं. काँक्रीट कितीही घट्ट वाटलं तरी त्याला सूक्ष्म छिद्रं असतात. मिठातलं क्लोराइड त्यातून वर्षानुवर्षं आत झिरपतं आणि तो चिवट थर फोडतं. तारांभोवती नळीत ओतलेला सिमेंटचा रस कुठं पोकळ राहिला असेल तर तिथं दमट हवा कोंडून बसते. गंजाला मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून साध्या सळईवर तो चढला की वरचं काँक्रीट फुगतं, तडकतं, पोपडा निघतो. हा गंज निदान हाक मारून येतो. ताणलेल्या तारांचं तसं नाही. त्या बारीक असतात, प्रचंड ताणाखाली असतात, आणि पोकळीत गंजत असतील तर बाहेर भेगही पडेलच असं नाही. एकेक तार आतल्या आत तुटते. उरलेल्या तारा भार वाटून घेतात, मग त्यांतली एक तुटते.

जहाजात याच्या जवळ जाणारी जागा म्हणजे बॅलास्टची, म्हणजे जहाजाचा तोल राखायला पाणी भरायची, टाकी. समुद्राचं पाणी भरायचं, उपसायचं, पुन्हा भरायचं. भिंती कधी बुडालेल्या, कधी ओल्या हवेत. चीफ ऑफिसर झाल्यापासून तिची तपासणी माझ्याकडं असायची. आधी पंखे लावून हवा खेळवायची, ऑक्सिजन मोजायचा, मग मॅनहोलमधून कमरेइतक्या भोकातून आत. टॉर्चच्या उजेडात चिखल, शिडीचे दांडे हातानं हलवून मगच पाय टाकायचा. सगळ्यात वाईट जागा नेहमी एकच: टाकीचा वरचा भाग, छताच्या पत्र्याखाली. तिथं पाणी पोचत नाही, म्हणून पोलादाऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या वड्यांचं संरक्षणही पोचत नाही. पण ओलसर खारी हवा कायम. खालून टॉर्च मारला की छत बरं दिसतं. वर चढून हातोडी मारली की कळतं. कंटाळा करून खालूनच 'ठीक' असा शेरा मारणारे ऑफिसर मी पाहिलेत. त्यांच्या वह्या फार सुबक असायच्या.

मोरांदींना त्यांच्या पुलाचा हा आजार कळला नव्हता असं नाही. 1979 साली त्यांनी स्वतःच लिहिलं की समुद्रावरून दरीत येणारा खारा वारा आणि जवळच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्यांचा धूर यांनी काँक्रीटचं अपेक्षेपेक्षा लवकर नुकसान होतंय. गंज काढा, उघडं पडलेलं झाका, रेझिनचा लेप द्या. बांधून बारा वर्षं झाली होती. आपल्याच गाजलेल्या कामाबद्दल असं छापून देणाऱ्या माणसाला मी तरी सरसकट दोषी धरायला तयार नाही. ते 1989 मध्ये वारले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पूर्वेकडच्या मनोऱ्याचे तणावे उघडून पाहिले तेव्हा आतल्या तारांची दुर्दशा दिसली. मी खालून पाहिलेल्या त्या पोलादी केबल म्हणजे तेव्हाची दुरुस्ती. उरलेल्या दोघांची अवस्था तितकी वाईट नाही असं मानलं गेलं. मधल्या मनोऱ्याच्या तणाव्यांना माथ्याजवळ तेवढी मजबुती दिली, पश्चिमेकडचे तसेच राहिले.

त्या शहरात महामार्गाला उत्तरेकडून वळसा घालणारा रस्ता काढावा, पुलावरचा भार कमी करावा, ही चर्चाही वर्षानुवर्षं चालू होती. विरोध करणाऱ्यांपैकी काहींनी 2013 मध्ये पूल पडण्याची भीती ही परीकथा आहे असं म्हटलं. ते वाईट लोक होते असं मला वाटत नाही. ज्या रस्त्यावरून रोज जातो तो पडेल यावर विश्वास ठेवून माणूस जगूच शकत नाही.

14 ऑगस्ट 2018. दुसऱ्या दिवशी इटलीतली मोठी उन्हाळी सुट्टी, त्यामुळं रस्त्यावर समुद्रकिनाऱ्यांकडं निघालेली कुटुंबं. मुसळधार पाऊस, विजा. सकाळी 11 वाजून 36 मिनिटांनी पश्चिमेकडचा मनोरा त्याच्या दोन्ही बाजूंच्या रस्त्यासकट खाली आला. 43 माणसं गेली. काही पुलावरच्या गाड्यांतली, काही खाली काम करणारी. मलबा नदीच्या पात्रात, रुळांवर आणि गोदामांवर पडला; नशिबानं कुठली आगगाडी त्याखाली सापडली नाही. मी तेव्हा समुद्रावर होतो. जहाजाच्या नेटवर फोटो उघडायला वेळ लागायचा, वरून खाली पट्टी-पट्टीनं. आधी राखाडी आकाश आलं, मग तुटलेली कड, मग कडेपासून थोड्या अंतरावर थांबलेला तो हिरवा ट्रक, वायपर चालू ठेवून ड्रायव्हर उतरून पळालेला. मी चित्रात तणावे शोधत होतो. बाहेरून केबल लावलेला मनोरा उभा होता.

पहिल्या काही तासांत वीज पडली म्हणून पूल पडला असंही सांगितलं गेलं. आकाशावर ढकललं की चौकशी सोपी होते. न्यायालयानं नेमलेल्या तज्ज्ञांनी 2020 च्या अहवालात कारण दिलं ते गंजाचं: कोसळलेल्या मनोऱ्याच्या दक्षिणेकडच्या, म्हणजे समुद्राच्या बाजूच्या, तणाव्यातल्या तारा माथ्याजवळ गंजलेल्या होत्या. वरचा भाग. छताच्या पत्र्याखालची जागा. त्या ठिकाणी कित्येक दशकांत दुरुस्तीचा हात लागला नव्हता. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की त्या तणाव्यांचं मजबुतीकरण करायचं ठरलेलंच होतं. आराखडा मंजूर होता, निविदा काढलेली होती, काम त्याच शरद ऋतूत सुरू व्हायचं होतं. 2022 मध्ये खटला उभा राहिला, आरोपी 59. कोणाचा दोष किती ते न्यायालय पाहील.

मला छळतो तो वेगळा प्रश्न. जहाज काही पुलापेक्षा थोर वस्तू नाही. मालक तितकेच चिकट असतात, कप्तान तितकेच घाईत. तरी पाच वर्षांत दोनदा जहाजाचं तळ पाण्याबाहेर काढून तपासावंच लागतं. जुन्या जहाजाच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक यंत्रानं ठिकठिकाणी मोजतात. ठरलेल्या मर्यादेपलीकडं झिजली असेल तर पत्रा कापून नवा घालायचा, वाद नाही. क्लासच्या, म्हणजे जहाजाच्या मजबुतीचा दाखला देणाऱ्या संस्थेच्या, सर्व्हेअरनं सही केली नाही तर जहाजाला विमा नाही, माल नाही. याउपर बंदरात तिसराच माणूस वर चढतो. 1982 च्या पॅरिस करारानंतर युरोपातल्या बंदरांत परक्या झेंड्याची जहाजंही तपासली जातात, आणि निरीक्षकाला जहाज रोखून धरायचा अधिकार आहे. आमचं एक जहाज असंच रोखलं होतं. निरीक्षकानं एका व्हेंटिलेटरच्या झडपेखाली पेन घातलं, ते पत्र्यातून पलीकडं गेलं. त्यानं पेन पुसलं, खिशात ठेवलं आणि कागद काढला. कंपनीचे फोनवर फोन, रोजचं भाडं बुडतंय, माल खोळंबलाय. तो माणूस ढिम्म. मी तेव्हा त्याला मनातून शिव्या घातल्या. नवा पत्रा बसेपर्यंत जहाज हललं नाही.

पुलाला सुकी गोदी नसते. तो जागेवरून हलवता येत नाही आणि त्याची बदलीही करता येत नाही. एक मार्गिका बंद केली तरी शहर तुंबतं. शहर तुंबलं की वर्तमानपत्रं, महापौर, व्यापारी सगळे अंगावर येतात. जो पूल जितका गरजेचा, तितकं त्याला थांबवणं अवघड. आणि थांबवायचं कोणी? जिनोआत तेव्हा टोल गोळा करणारी आणि देखभाल करणारी कंपनी एकच होती, देखरेख करणारं खातं दूर राजधानीत. सर्व्हेअर आणि मालक एकाच खुर्चीत बसले तर पत्र्याची जाडी नेहमी पुरेशीच भरते.

पूल पडल्यावर खालच्या इमारतींतल्या साडेपाचशेहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. दोन मनोरे उभे होते, पण त्यांचा आता भरवसा नव्हता. मनोऱ्यावर हालचाल टिपणारे सेन्सर बसवले, आणि मग घरटी ठरावीक वेळ आणि ठरावीक खोकी देऊन, अग्निशमन दलाच्या माणसांबरोबर लोकांना सामान आणायला सोडलं. आजोबांचा रेडिओ त्या खोक्यात मावला असेल का, हा विचार मी तेव्हा बराच वेळ करत बसलो होतो. 28 जून 2019 ला उरलेले मनोरे सुरुंगानं पाडले. त्या इमारतीही गेल्या.

नवा पूल जिनोआतच जन्मलेले वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी आपल्या शहराला भेट म्हणून आरेखून दिला. ऑगस्ट 2020 मध्ये तो उघडला. कोविडच्या दिवसांतही काम चालू होतं. 1,067 मीटर लांब, 18 खांब, पोलादी तुळयांवर काँक्रीटचा रस्ता. तणावे नाहीत, मनोरे नाहीत. बहुतेक गाळे 50 मीटरचे. नदी आणि रूळ ओलांडायला मधले तीन तेवढे 100 मीटरचे. खालून पाहिलं तर जहाजाच्या तळासारखं गोलसर पोट दिसतं, आणि ते बंदराच्या शहराला शोभतं. पुलाच्या आत हवा कोरडी ठेवणारी यंत्रणा आहे, म्हणजे मिठाचा दमटपणा साचू नये. तळाशी फिरून पाहणी करणारे यंत्रमानव आहेत. खाली वास्तुविशारद स्तेफानो बोएरींच्या कल्पनेतून 43 झाडं लावली आहेत, प्रत्येक वेगळ्या जातीचं.

यंत्रमानवाचं कौतुक सगळ्यांनी केलं. मी पण करतो, पण बेतानं. जुन्या पुलाच्या बाबतीत माहितीचा दुष्काळ नव्हता. बांधणाऱ्यानं लिहून ठेवलं होतं, एक मनोरा उघडून पाहिला होता, दुरुस्तीचा आराखडा तयार होता. यंत्र फोटो काढेल, आकडे पाठवेल. ते आकडे पाहून रस्ता बंद करा म्हणणारं कोणीतरी लागतंच.

त्या दृष्टीनं मला झाडांपेक्षा आणि यंत्रांपेक्षा एक कोरडा सरकारी बदल मोठा वाटतो. इटलीत रेल्वेच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आधीपासून होती. म्हणजे त्या दरीत खालून जाणाऱ्या रुळांवर त्रयस्थ नजर होती आणि त्याच रुळांवर टांगलेल्या महामार्गावर तशी नव्हती. दुर्घटनेनंतर काढलेल्या 2018 च्या वटहुकुमानं रेल्वेची ती संस्था मोडून रूळ, रस्ते आणि महामार्ग सगळ्यांसाठी एकच संस्था केली. कागदावर ती आमच्या त्या पेन खुपसणाऱ्या निरीक्षकाच्या जवळची वाटते. अधिकार खरा किती ते मात्र कागदावरून ठरणार नाही. ऑगस्टच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, गाड्यांच्या रांगा लागलेल्या असताना, तिचा एखादा माणूस नुसत्या संशयावरून अशा एखाद्या पुलावर आडवा खांब टाकेल आणि महापौरांचा फोन आला तरी तो उचलणार नाही, तेव्हा कळेल.